व्हार्सिटी, क्लब आणि मधली रेघ: अमेरिकी विद्यापीठांतले खेळ कसे चालतात

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन तिथेच आहे. या विद्यापीठाच्या मुलांच्या आइस हॉकी संघाने आजवर ९ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. संघाला पगारी प्रशिक्षक आहेत, खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते, स्केट आणि स्टिक विद्यापीठ देतं, बाहेरगावच्या सामन्यांचा खर्चही विद्यापीठच करतं. मुलींचाही आइस हॉकी संघ आहे. पण त्या मुली बर्फावर उतरण्यासाठी स्वतःच्या खिशातून वर्गणी भरतात.

आता रोइंग बघा. इथे सगळं उलट आहे. मुलींचा रोइंग संघ १९९६ पासून विद्यापीठाचा अधिकृत संघ आहे. त्यांच्या बोटी, प्रशिक्षक, प्रवास हे सगळं विद्यापीठाकडे. मुलं मात्र ह्युरन नदीवरच्या आर्गो तलावात पहाटे वल्ही मारतात ती वर्गणी काढून आणि माजी खेळाडूंकडून देणग्या गोळा करून.

चारही संघ विद्यापीठाच्या नावाने खेळतात. तरी दोन संघ रेघेच्या या बाजूला आणि दोन त्या बाजूला आहेत. अलीकडच्या संघांना म्हणतात व्हार्सिटी, पलीकडच्यांना क्लब. ही रेघ कोण आखतं, कशाच्या आधारे आखतं, हे समजलं की अमेरिकी विद्यापीठांतल्या खेळांचं बरंचसं कोडं उलगडतं. आपल्याकडची मुलं दरवर्षी तिकडे शिकायला जातात, फोनवर 'क्लब टीममध्ये माझी निवड झाली' असं सांगतात. घरच्यांना अभिनंदन करावं की चौकशी करावी, ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

व्हार्सिटी हा शब्द 'युनिव्हर्सिटी'चाच जुना, बोलीतला, आखूड उच्चार आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या लढतींना तो आधीपासून लावला जायचा. अमेरिकेत त्याला नेमका अर्थ आला: विद्यापीठाने ज्याची जबाबदारी घेतली आहे तो संघ. मिशिगनमध्ये असे २९ संघ आहेत, १४ मुलांचे आणि १५ मुलींचे. त्यांचा कारभार पाहायला स्वतंत्र क्रीडा विभाग असतो. त्याचा संचालक, त्याचं अंदाजपत्रक, त्याच्या इमारती, डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ, अभ्यासात मदत करणारे शिक्षक, सगळं वेगळं. आपल्या कॉलेजात जिमखान्याची एक खोली आणि एक पीडी सर असतात, त्या मापाने हे डोळ्यांपुढे आणायला वेळ लागतो.

व्हार्सिटी संघात शिरण्याची वाटही वेगळी. प्रशिक्षक शाळकरी खेळाडूंना दोन-दोन वर्षं आधीपासून हेरून ठेवतात, पत्रव्यवहार करतात, बोलावून घेतात. याला रिक्रूटिंग म्हणतात. कुणी न बोलावता स्वतःहून चाचणीला येऊन संघात जागा मिळवली, तर तो 'वॉक-ऑन'. एकदा संघात आलात की देशपातळीवरचे नियम लागू होतात. मोसम चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव आणि एक दिवस सुट्टी. वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा, की पाच वर्षांच्या मुदतीत चारच मोसम खेळता येतात. शिवाय पदवीचा अभ्यास ठरलेल्या गतीने पुढे सरकला पाहिजे: दुसरं वर्ष संपताना ४० टक्के, तिसरं संपताना ६० टक्के, चौथं संपताना ८० टक्के. अभ्यासात मागे पडलेला कितीही मोठा खेळाडू असो, बाहेर बसतो. २० तासांत प्रवास धरत नाहीत, ही मात्र लक्षात ठेवण्याची गोष्ट. मिशिगन ज्या बिग टेन गटात खेळतं, त्यात नावात दहा असले तरी २०२४ पासून १८ विद्यापीठं आहेत आणि त्यांतली चार पॅसिफिक किनाऱ्यावरच्या राज्यांतली आहेत. व्हॉलीबॉलच्या साध्या साखळी सामन्यासाठी ॲन आर्बरहून लॉस एंजेलिसला जायचं म्हणजे एका बाजूचा सुमारे ३ हजार किलोमीटरचा प्रवास. परत येऊन दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राची परीक्षा असतेच.

क्लब संघात हा सगळा डोलारा नसतो. क्लब म्हणजे विद्यार्थ्यांनी उभा केलेला आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेला संघ. विद्यापीठ त्याला मान्यता देतं, मैदान वापरू देतं, थोडा निधी देतं. अध्यक्ष, खजिनदार, सामानाची जबाबदारी घेणारा असे पदाधिकारी मुलांतूनच निवडले जातात. सामने ठरवणं, मैदानाची वेळ मिळवणं, हॉटेल बुक करणं, भाड्याची गाडी रात्रभर चालवून पहाटे पोचणं, हे सगळं एकोणीस-वीस वर्षांची मुलं करतात. प्रशिक्षक असलाच तर बहुतेक वेळा अर्धवेळ किंवा हौसेने येणारा. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांनाही इथे सहसा दार उघडं असतं.

याखाली तिसरा थर आहे, इंट्राम्युरल. विद्यापीठाच्या आतल्या आत, वसतिगृह विरुद्ध वसतिगृह, मित्रांची टोळी विरुद्ध दुसरी टोळी. यात मिशिगनचा मान मोठा आहे. फक्त या खेळांसाठी बांधलेली इमारत तिथे १९२८ मध्ये उभी राहिली, तोवर देशात अशी सोय ऐकिवात नव्हती.

आता एक गैरसमज दूर करतो. क्लब म्हणजे 'ब टीम' नव्हे. मिशिगनचा मुलांचा रोइंग क्लब देशातल्या क्लब संघांच्या स्पर्धेत अनेकदा पहिला आला आहे. आणि लॅक्रॉसची गोष्ट तर मला या सगळ्यात फार आवडते. लांब दांड्याच्या जाळीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा हा खेळ उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा. मिशिगनचा मुलांचा लॅक्रॉस संघ क्लब असताना २००८, २००९ आणि २०१० अशी सलग तीन वर्षं क्लब संघांत राष्ट्रीय विजेता ठरला. २०११ मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं की हा संघ आता व्हार्सिटी होणार. २०१२ च्या पहिल्या व्हार्सिटी मोसमात त्यांना जेमतेम एक सामना जिंकता आला. कारण समोर आता असे संघ होते, ज्यांनी आपले खेळाडू शाळेपासून निवडून आणले होते. मग वर्षामागून वर्षं हार, थोडी सुधारणा, पुन्हा हार. २०२३ मध्ये बिग टेन गटाचं विजेतेपद आलं, २०२४ मध्ये पुन्हा. बढती कागदावर एका दिवसात मिळाली, पण मैदानावर ती कमवायला अकरा वर्षं लागली.

मुळात सुरुवातीला सगळेच संघ क्लब होते. अमेरिकेतली पहिली आंतरविद्यापीठ लढत १८५२ साली झाली, हार्वर्ड विरुद्ध येल, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावावर बोटींची शर्यत. ती विद्यार्थ्यांनीच ठरवली होती आणि खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता; शर्यत बघायला लोक गाडीने येतील, हा हिशेब. पुढे फुटबॉल आला. आपला पायाने खेळायचा नव्हे, अंडाकृती चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळण्याचा. त्याला धड नियम नव्हते, शिरस्त्राणं नव्हती, मुलं मरू लागली. १९०५ च्या मोसमात मृत्यू इतके झाले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. त्या खळबळीतून १९०६ मध्ये जी संस्था जन्मली तीच आजची नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए. आज तिच्यात सुमारे ११०० शिक्षणसंस्था आहेत आणि पाच लाखांहून जास्त विद्यार्थी-खेळाडू. खेळ विद्यार्थ्यांच्या हातून विद्यापीठाच्या हातात गेला तो असा, जीव वाचवण्यासाठी. हे मला विसरता येत नाही, कारण पुढे त्याच खेळाचं जे झालं ते बघताना ही सुरुवात आठवावी लागते.

एनसीएएने १९७३ मध्ये तीन विभाग पाडले. पहिल्या विभागात मिशिगनसारखी मोठी विद्यापीठं. दुसऱ्यात मधली. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही, असा नियम. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळतात पहिल्या विभागात, पण खेळाची शिष्यवृत्ती तीही देत नाहीत. गरजेप्रमाणे मदत देतात. तेव्हा 'व्हार्सिटीत आहे म्हणजे फी माफ असेल' हा अंदाज पुष्कळदा चुकतो. पहिल्या विभागातही चुकतो. बेसबॉलचं उदाहरण घ्या. कित्येक वर्षं एका बेसबॉल संघाला ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. साडेअकरापेक्षा थोड्या जास्त शिष्यवृत्त्या पंचवीस-तीस मुलांत वाटायच्या. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला फक्त पुस्तकांपुरते पैसे. टीव्हीवर दिसणारी पूर्ण शिष्यवृत्ती फुटबॉल, बास्केटबॉल अशा मोजक्या खेळांतली.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. हॉकी आणि रोइंगमध्ये रेघ उलटसुलट का पडली?

त्यामागचं एक मोठं कारण आहे 'टायटल नाइन' हा कायदा. १९७२ मध्ये तो झाला. त्यातलं मुख्य वाक्य ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून कुणालाही वगळता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. पण विद्यापीठातला खेळ हा शिक्षणाचाच भाग, म्हणून तोही कायद्याखाली आला. तोवर मुलींना काय मिळत होतं? देशभरात कॉलेजपातळीवर खेळणाऱ्या मुली होत्या ३० हजारांच्या आसपास. आज दोन लाखांहून जास्त आहेत. मिशिगनमध्ये मुलांचं बेसबॉल १८६६ पासून आणि फुटबॉल १८७९ पासून चालत आलेलं. मुलींचे पहिले सहा व्हार्सिटी संघ उभे राहिले १९७३-७४ मध्ये. मध्ये शंभर वर्षं गेली.

कायदा पाळला जातोय की नाही हे तपासण्याचा एक मार्ग प्रमाणाचा आहे. विद्यार्थ्यांत मुली निम्म्या असतील, तर खेळाच्या संधींतही त्या साधारण निम्म्या हव्यात. मोजायचे ते एकूण खेळाडू. आता हिशेब करा. फुटबॉलच्या एका संघात शंभराच्या वर मुलं असतात आणि मुलींसाठी तितक्या संख्येचा खेळच नाही. मग ती बाजू भरून काढायला मोठा संघ लागणारा मुलींचा खेळ हवा. रोइंग इथे बरोबर बसतो. आठ जणींची बोट, चार जणींची बोट, राखीव, शिकाऊ. आजच्या मर्यादेनुसार मुलींच्या रोइंग संघात ६८ जणी असू शकतात. म्हणून देशातल्या अनेक विद्यापीठांनी नव्वदीच्या दशकात मुलींचं रोइंग व्हार्सिटी केलं आणि १९९७ पासून एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. मुलांच्या रोइंगला मात्र वर घ्यायचं तर मुलांची संख्या आणखी वाढणार, तराजू पुन्हा कलणार. ती मुलं क्लबमध्येच राहिली.

आणि मुलींची हॉकी? कायदा म्हणत नाही की मुलांना जो खेळ दिला तोच मुलींना द्या. एकूण संधींचं प्रमाण जमलं की कायद्याचं समाधान होतं. हॉकीच्या संघात दोन-अडीच डझन खेळाडू आणि खर्च प्रचंड: बर्फाचं मैदान, त्याची वेळ, साहित्य, प्रवास. तेव्हा विद्यापीठाला तेच प्रमाण रोइंगने स्वस्तात जमवता येतं. कायद्याच्या दृष्टीने यात दोष नाही. पण ज्या विद्यापीठाला हॉकीचा एवढा अभिमान आहे, ज्या राज्यात लहानपणापासून मुली स्केटिंग करतात, तिथे त्या मुलींनी वर्गणी भरून खेळावं हे मला पटत नाही. तिथल्या मुली आणि त्यांचे पालकही अनेक वर्षं हेच सांगत आहेत.

रेघ आखणारा दुसरा हात पैशाचा.

मिशिगनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये १ लाख ७ हजार ६०१ लोक बसतात. आपल्या वानखेडेसारखी तीन स्टेडियम एकत्र केली तरी थोडी जागा उरेल. शरद ऋतूतल्या शनिवारी ते भरतं. तिकिटं, देणग्या आणि टीव्हीचे हक्क: बिग टेन गटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी केलेला प्रक्षेपण करार ७ अब्ज डॉलरच्या वरचा होता. हा पैसा मुख्यतः फुटबॉल कमावतो, पुष्कळ कमी प्रमाणात मुलांचं बास्केटबॉल. बाकीचे खेळ खर्च करणारे. एकत्र कुटुंबात एक कमावता आणि पंचवीस खाणारे असावेत, तसं हे घर चालतं. या व्यवस्थेची चांगली बाजू खरोखर मोठी आहे. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, ॲथलेटिक्स हे खेळ तिकडे सरकारी क्रीडा खात्याच्या जिवावर चालत नाहीत, विद्यापीठांच्या जिवावर चालतात. पॅरिसच्या २०२४ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलांनी जिम्नॅस्टिक्सचं सांघिक कांस्य मिळवलं, त्या पाच जणांत पॉल जुडा आणि फ्रेड रिचर्ड हे दोघे मिशिगनचे होते. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, मिशिगनने ॲन आर्बरमध्येच एनसीएएचं विजेतेपदही घेतलं. आणि पहिल्या विभागात मुलांच्या जिम्नॅस्टिक्सचे संघ देशात उरलेत किती? सुमारे डझनभर.

कमावत्या खेळाडूला मात्र शंभर वर्षं शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. तो हौशी आहे, असं म्हणायचे. स्टेडियम भरायचं त्याच्यासाठी, टी-शर्ट विकले जायचे त्याच्या क्रमांकाचे, पैसा मात्र विद्यापीठाचा आणि प्रशिक्षकाचा. हे अन्यायाचंच होतं. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली. त्याहून मोठा बदल ६ जून २०२५ ला झाला. न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई ठरली आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

हक्काचा पैसा मिळाला, चांगलं झालं. पण घरातला कमावता आपला वाटा मागू लागला की बाकीच्यांच्या ताटात काय उरतं, हा प्रश्न आता उभा आहे. त्याच तडजोडीत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलला १०५, बेसबॉलला ३४, असं. याचा पहिला फटका बसला वॉक-ऑन मुलांना, जी एक पैसा न घेता वर्षानुवर्षं सरावाला येत होती. न्यायाधीशांनी त्यांच्यासाठी मंजुरी अडवून धरली, आधीपासूनच्या खेळाडूंना सवलत द्यायला लावली आणि मगच सही केली.

संघ रेघेच्या पलीकडे ढकलला जातो तेव्हा काय होतं, हे स्टॅनफर्डने दाखवलं. त्या श्रीमंत विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं. कुस्तीही त्यात होती. २०२१ च्या मार्चमध्ये स्टॅनफर्डचा मल्ल शेन ग्रिफिथ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो विद्यापीठाचं नाव नसलेला कोरा काळा पोशाख घालून. आणि तो जिंकला. दोन महिन्यांत विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. ग्रिफिथ पुढे मिशिगनकडूनही खेळला.

भारतीय विद्यार्थ्याचं यात स्थान कुठे? व्हार्सिटीत आपली माणसं आहेत, पण मोजकी. टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ व २००८ असा दोनदा एनसीएएचा एकेरीतला विजेता ठरला. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये जिंकला. अशी वाट धरायची असेल तर तयारी दहावीपासूनच करावी लागते, बारावीनंतर सुचून उपयोग नाही. आणखी एक सावधगिरी: विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांना शिष्यवृत्ती घेता येते, पण जाहिरातीचे किंवा खेळण्याचे पैसे घेणं हे 'काम' धरलं जाऊ शकतं आणि व्हिसा धोक्यात येऊ शकतो. असा कुठलाही कागद पुढे आला तर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारायचं.

एमएससाठी जाणाऱ्या आपल्या बहुसंख्य मुलांसाठी खरी जागा क्लबमध्ये आहे. क्रिकेट तर तिकडे एनसीएएच्या यादीतच नाही. विद्यापीठांत ते आहे ते क्लबांमुळे. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजीचा सामना खेळला, आणि २०१५ मध्ये संगणकशास्त्र शिकायला कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथे क्रिकेटला ना शिष्यवृत्ती ना पगारी प्रशिक्षक. ६ जून २०२४ रोजी डॅलसमध्ये टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून देणारा गोलंदाज तोच. नोकरी सांभाळून खेळणारा इंजिनीअर.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी क्लबात गेली असं कळलं, तर विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. वर्षाची वर्गणी किती? प्रवासाचा खर्च वेगळा का? दुखापत झाली तर कुणाचा विमा? व्हार्सिटीत फिजिओ मैदानाच्या कडेला उभा असतो. क्लबात बहुतेक ठिकाणी स्वतःच्या आरोग्य विम्यावर भिस्त असते, आणि अमेरिकेत खांदा निखळला तर बिल किती येतं हे तिकडे राहिलेल्या कुणालाही विचारा.

ॲन आर्बरमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या मधल्या चौकात फेस्टिफॉल भरतो. शेकडो विद्यार्थी-संघटना टेबलं मांडून बसतात. मुलांचा रोइंग क्लब दरवर्षी अशी मुलं शोधतो ज्यांनी आयुष्यात कधी वल्हं हातात धरलेलं नाही, कारण शाळेत रोइंग केलेली मुलं पुरेशी मिळतच नाहीत. उंच, लांब हातांचा मुलगा दिसला की त्याला थांबवून विचारतात, पोहता येतं का, पहाटे उठशील का. दोन्हीला हो म्हटलं की बोटीत जागा मिळते.